लाखेचा लेप आणि खोलीतली हवा

गिटारच्या अंगावरचा चकाकता लेप लाकडाला हवेतील ओलाव्यापासून राखतो, असा समज सर्वत्र आढळतो. या वाद्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र असे दिसते की, कारागिरांनी लेप निवडला तो तकाकीसाठी, घाम व ओरखडे यांपासून बचावासाठी आणि ध्वनीला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून. ओलाव्याचा प्रश्न त्यांना लेपाबाहेर, हवेतच सोडवावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधून युरोपभर पसरलेल्या ‘फ्रेंच पॉलिश’ या पद्धतीचा कच्चा माल प्रामुख्याने भारतातून जात असे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ स्रवतात, ती शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात काढली की तिला चपडा म्हणतात. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात बांधलेल्या बोळ्याने, तेलाचा एखादा थेंब घेत, गोलाकार हात फिरवून पुटावर पूट चढवले जाते. छोटा नागपूरचा प्रदेश या मालाचे मोठे केंद्र होता आणि १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. मिरजेचे तंबोरे ज्या चपडा पॉलिशने उजळत आले, त्याच पॉलिशने स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) आपल्या गिटारी सजवत होता, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या व पुठ्ठ्याच्या करून समोरची फळी तेवढी लाकडाची ठेवली, आणि नादाचा खरा भार त्या पातळ फळीवर असतो हे दाखवून दिले; ज्या फळीची जाडी अवघी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्यावर जाड थर देणे म्हणजे तिचे कंपन दाबणे होय, ही जाण त्यामागे होती.

पण पातळ लेपाने ओलावा अडत नाही, आणि जाड लेपानेही तो पूर्णपणे अडत नाही. अमेरिकेत १९१० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्थापन झालेल्या वनोपज प्रयोगशाळेने लाकडावरील लेपांचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि लेप ओलाव्याच्या ये-जा करण्याचा वेग मंदावतात, ती थांबवत नाहीत, हे स्पष्ट झाले. गिटारच्या बाबतीत तर आतली बाजू सहसा कोरीच ठेवलेली असते, त्यामुळे लाकूड आतून मोकळेपणी श्वास घेत राहते. लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. चाळीस सेंटिमीटर रुंदीची स्प्रूस लाकडाची फळी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, तर सुमारे दोन मिलिमीटर आक्रसू पाहते, आणि कडांना सरसाने चिकटलेली असल्यामुळे तडकते.

१९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे हे द्रव्य द्यूपाँ कंपनीने १९२३ च्या सुमारास ‘ड्यूको’ या नावाने मोटारींसाठी बाजारात आणले, आणि फवारणीने काही तासांत वाळणारा हा लेप मार्टिन व गिब्सन या गिटार-कंपन्यांनी त्याच दशकात स्वीकारला. तो चपड्यापेक्षा टणक होता, तरी थंडीशी त्याचे जमत नसे. कडाक्याच्या थंडीतून आणलेली गिटारची पेटी लगेच उघडली, तर आकस्मिक तापमानबदलाने लेपावर बारीक भेगांचे जाळे पडते. म्हणून पेटी काही तास बंदच ठेवण्याचा रिवाज पडला. पुढे पॉलिएस्टर व पॉलियुरेथेन आले, आणि १९९० च्या दशकात टेलर कंपनीने अतिनील किरणांनी तत्काळ घट्ट होणारे लेप वापरले.

हवा सांभाळण्याचा विचार दुसऱ्या वाटेने आला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आर्द्रता-नियंत्रणाची योजना आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची जुळणी बिघडत असे. गिटारकारखान्यांचीही हीच गरज होती. तेथे आज लाकूड सापेक्ष आर्द्रतेच्या ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवूनच जोडतात. शून्य अंशाची बाष्पाने भरलेली हवा घरात २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर येते, आणि उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील गिटारी का तडकतात, याचे उत्तर या साध्या आकड्यात आहे.

त्यावर उपाय म्हणून वाद्याच्या पोटात ओला स्पंज किंवा रबरी नळी टांगण्याची पद्धत आली, आणि लेपाचे रक्षण व लाकडाचे रक्षण यांचा थेट विरोध इथेच प्रथम उभा राहिला. पाणी टेकून राहिले की चपड्यावर पांढरा डाग उमटतो. रबर व मऊ प्लॅस्टिकमधील तेलकट मृदूकारके नायट्रोसेल्युलोज मऊ करतात, त्यामुळे नळी ध्वनिछिद्राच्या काठाला टेकली तर तेथे कायमची खूण राहते, आणि हीच हानी गिटारच्या स्टँडच्या गादीनेही होते.

कोकण-गोव्यात प्रश्न उलटा आहे. पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, फळी फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पडद्यांपासून दूर जातात, सरस ढिला पडतो. विदर्भात मात्र एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की तिथल्या गिटारला उत्तर अमेरिकेचेच उपचार लागावेत. हिवाळी देशांतील सूचना मुंबईत जुलैमध्ये जशाच्या तशा पाळणे हे वाद्यासाठी घातकच ठरते. संपृक्त क्षारद्रावण बंद जागेत ठरावीक आर्द्रता राखते, या तत्त्वावर बेतलेल्या दुतर्फी पुड्या अशा दोन्ही हवामानांत उपयोगी पडतात, कारण त्या ओलावा देतात तसा घेतातही. मात्र त्या घट्ट बंद पेटीतच काम करतात, कोकणातल्या उघड्या खोलीत काही दिवसांतच तुडुंब भरून निकामी होतात, आणि त्या कापडी पिशवीत घालून तारांमधून ध्वनिछिद्रात सोडल्या जातात, जेणेकरून लेपाशी त्यांचा स्पर्श होऊ नये.