मेलबर्नचा विसरलेला वीर

आपल्या घरांतील मुलांना परदेशी फुटबॉलपटूंची नावे तोंडपाठ असतात. नेव्हिल डिसोझा हे नाव मात्र क्वचितच ठाऊक असते. मूळचे गोव्याचे नेव्हिल मुंबईत टाटा, कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळत. खेळावर चरितार्थ चालविण्याचा तो काळ नव्हता. कंपनीची नोकरी हाच खेळाडूचा आधार असे. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे! ऑलिम्पिकमध्ये हा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये ती मजल त्यानंतर आपण गाठलेली नाही. १९८० साली नेव्हिल निवर्तले. त्यांची ही कथा मुलांना सांगणे आपल्याच हाती आहे.