साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

जुलै अर्धा सरला की मुंबईतल्या बऱ्याच घरांत लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं जातं. मागे काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा नकाशा उमटलेला असतो. बोट फिरवलं तर बुक्क्यासारखी पूड लागते आणि पाठोपाठ तो कुबट वास येतो. खालच्या कप्प्यातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव, ठेवणीतल्या साडीच्या घडीवर पिवळट डाग, फ्रेमच्या काचेआड आजोबांच्या कोटावर नको ती नक्षी. मग घरातलं कुणीतरी फडकं ओलं करून भिंत पुसून काढतं. म्हणजे ज्या बुरशीला पाणीच हवं होतं, तिला आणखी पाणी पाजतं.

दोष पावसाला द्यायची पद्धत आहे. पण पाऊस कोकणात याहून जास्त पडतो. सांताक्रूझला मोसमात साधारण २३०० मिलिमीटर, तर रत्नागिरीला ३००० च्या पुढे. तरीही कोकणातल्या जुन्या घराची मांडणी पाहिली, तर ते पावसाला अडवण्यापेक्षा भिजून पुन्हा वाळण्यासाठी बांधलेलं दिसतं. उंच जोतं, जांभ्याचे चिरे, दोन्ही अंगांना उतरती पाखं आणि भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब अंगणात पडणार. वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड अडवायला पडवीला माडाची झापं बांधायची. नळे मे महिन्यात परतायचे, फुटके काढून नवे घालायचे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर कौलं पाडायला सुरुवात केली आणि पुढे ती किनाऱ्यानं वर सरकत आली. एकमेकांत अडकणारी ती चपटी कौलं दरवर्षी परतावी लागत नसत. तरी कौलांच्या फटींतून घर श्वास घेत राहिलं, आणि चुलीची ऊब वाशांना कोरडं ठेवत राहिली.

याच घराच्या भिंतीवर चुना असे. किनाऱ्यावर तो शिंपल्यांचाही करत. भट्टीत भाजलेली कळी पाण्यात टाकली की हौद रटरटायला लागे, वाफा निघत. ती विरली की गाळून कुंच्यानं भिंतीवर फिरवायची. ताजा चुना इतका तीव्र अल्क असतो की त्यावर बुरशी धरत नाही, आणि वाळल्यावरही त्याची भिंत ओल आत कोंडत नाही, बाहेर सोडते. पोथ्यांच्या बासनात वेखंड, वैशाखात गोधड्यांना ऊन, आणि पाऊस उघडला की ट्रंकांची झाकणं उघडी. बुरशीचं शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ऋतूचं वेळापत्रक पाठ होतं.

म्हणून ते घर आरोग्याचा नमुना होतं असं मानायचं कारण नाही. माजघर भर दुपारी काळोखं असे, आणि वासे कोरडे ठेवणारा तोच धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जात असे. बुरशीपासून वाचण्याची किंमत तिनं खोकून मोजली.

कोकणातला माणूस गिरणीत कामाला मुंबईला आला, तेव्हा यातलं जवळजवळ सगळं गावी राहिलं. चाळीतली खोली म्हणजे चार भिंती, एक दार आणि कोपऱ्यात मोरी. त्या मोरीतच आंघोळ, भांडी, धुणं. ओले कपडे खोलीतच दोरीवर, चूलही तिथेच. शेजारची इमारत इतकी जवळ की मधल्या हाउसगल्लीत सांडपाणी तेवढं उतरे, ऊन नाही. झड अडवायला पडवी नव्हती, झापं नव्हती, आणि मालकाला भाड्यापलीकडे छपराशी देणंघेणं नव्हतं. बुरशीला लागतं ते सगळं, म्हणजे ओल, कोंदट हवा आणि भिंतीवरची धूळ-तेलकटीची चव, दहा बाय दहात बसवून मिळालं.

या काळोखाकडे सरकारचं लक्ष गेलं ते बुरशीमुळे नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं आणि त्यांना खेटून वस्ती. मग जे सुरू झालं त्याच्या आठवणी मुंबई-पुण्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. घरात शिरणारी पथकं, भिंतींवर चुन्याचे आणि कार्बोलिकचे हात, आणि उजेड-वारा आत यावा म्हणून छपरावरची कौलं काढून टाकणं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. अधिकाऱ्यांचा समज असा की प्लेग ओलसर जमिनीत आणि अंधाऱ्या खोलीत मुरतो. खरा गुन्हेगार उंदरावरची पिसू होती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत ते दाखवून दिलं, आणि बरीच वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही.

गंमत अशी, की चुकीच्या निदानावर काढलेलं हे औषध दुसऱ्याच दुखण्याला लागू होतं. ऊन आणि वारा प्लेगला थांबवत नव्हते, पण ओलीला थांबवत होते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं हेच काम रस्त्यांच्या मापात हाती घेतलं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत खोलवर न्यावा म्हणूनही आखले गेले. त्यासाठी हजारो खोल्या पाडल्या गेल्या आणि पाडलेल्यांच्या मानानं नव्या फार थोड्या उभ्या राहिल्या, त्यामुळे उठलेली माणसं शेजारच्या गल्लीतल्या तितक्याच अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीनं शिरली. ट्रस्टच्या कामाची ही बाजू त्या सरळ, रुंद रस्त्यांवरून चालताना दिसत नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे नियमाचे माणूस. घरातल्या उजेडाला त्यांनी एक कोन लावला, साडेत्रेसष्ट अंश. तळमजल्याच्या खोलीपाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढा. ती जमिनीशी ६३.५ अंशांहून जास्त चढ करत असेल तर खोलीला पुरेसं आकाश मिळत नाही. शाळेतल्या भूमितीनं सोडवलं तर हिशेब सोपा निघतो: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. वीस मीटर उंचीला दहा मीटर. १९१२ च्या सुमारास ऑर हे व्याख्यानांतून, नकाशांतून पटवून देत होते. जमीनमालकांना ते पटणं कठीणच होतं. कोनात सापडलेली प्रत्येक चौरस फूट जागा म्हणजे बुडालेलं भाडं.

मग काँक्रीट आलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या. सुरुवातीला भाडं परवडेना आणि गिरणी लांब, म्हणून कित्येक चाळी रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा सरकारनं तुरुंग म्हणून वापर केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांची कैद्यांसाठी सोय व्हावी, यावर वेगळी टिप्पणी नको. चाळींमधलं अंतर मात्र जुन्या मुंबईपेक्षा खूपच बरं होतं. त्या मोकळ्या जागांत पुढे गणपती बसले, कबड्डीची मैदानं आखली गेली, आणि कपडे वाळले.

काँक्रीट आणि सिमेंटच्या गिलाव्यानं भिंतीचा स्वभाव मात्र बदलला. उतरत्या पाखांऐवजी सपाट गच्ची आली, तिच्यावर पाणी साचू लागलं. स्लॅबला बारीक तडा गेला की पाणी आत उतरतं, आतली सळी गंजून फुगते, तडा रुंदावतो. चुन्याच्या जागी ऑइलपेंट आला. दिसायला झकास, पुसायला सोपा. पण आत शिरलेली ओल त्याच्यामागे अडकते. आधी फुगे, मग पोपडे, मग लोणा, आणि पोपड्याखाली बुरशी. दर दिवाळीआधी त्याच डागावर नवा हात मारला जातो आणि पुढच्या जुलैत डाग नव्या रंगातून तोंड वर काढतो. आता तर सीपेजच्या कामांची एक वेगळीच बाजारपेठ आहे, आणि मेअखेरीस इमारतींच्या गच्च्यांवर चढणारी निळी प्लास्टिकची छपरं म्हणजे कोकणातल्या त्या पाखांनी उशिरा केलेलं पुनरागमन.

भिंत विद्रूप होते एवढ्यावर हे थांबत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत तरंगतात, श्वासाबरोबर आत जातात. बहुतेकांना शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं यापलीकडे त्रास होत नाही. दमेकऱ्याला मात्र पावसाळा जड जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, दमा आणि तो बळावणं यांचा धोका जास्त असतो, हा तिचा निष्कर्ष. काही दमेकऱ्यांत ॲस्परजिलस ही बुरशी फुप्फुसात ॲलर्जीचं दुखणं मांडून बसते. लंडनच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. खोकला, ताप, एक्स-रेमधले डाग असं त्याचं रूप असल्यानं आपल्याकडे ते क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत.

याउलट भीती नको तिथेही शिरते. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात डोळे आणि जबडे हिरावले, ‘ब्लॅक फंगस’ हा शब्द घरोघर पोचला, आणि कांद्याच्या सालीखालच्या काळ्या पुडीकडे व भिंतीवरच्या डागाकडे लोक दचकून पाहू लागले. त्या वेगळ्या बुरश्या आहेत. म्युकरमायकोसिसनं गाठलं ते मुख्यतः बेसुमार वाढलेली साखर आणि स्टिरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांना. भिंतीवरच्या डागानं डोळा जात नाही; तो जुनाट खोकल्याच्या वाटेनं, हळूहळू वसूल करतो.

उपायांमध्ये बाजारातल्या फवाऱ्यापेक्षा मे महिना महत्त्वाचा. गच्ची, पन्हळ, खिडकीचे सज्जे आणि बाथरूमचे सांधे पावसाआधी तपासायचे. पाणी कुठून येतं ते बंद झाल्याशिवाय रंग लावायचा नाही. डाग खरवडताना नाक-तोंड झाकायचं, खोलीतून दमेकरी आणि लहान मूल बाहेर, पोपडे खालच्या प्लास्टरपर्यंत काढून भिंत पूर्ण वाळू द्यायची. फरशीवरची किंवा टाइलवरची बुरशी साबणपाण्यानं निघते. भिजून फुगलेली गादी आणि प्लायवूड मात्र टाकूनच द्यावं लागतं. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशीला पाय रोवायला वेळ मिळत नाही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवावी असं पुस्तकं सांगतात. जुलैच्या मुंबईत बाहेरचीच ८० च्या वर असते, तेव्हा पंखा, मोरीला एक्झॉस्ट, भिंत आणि कपाट यांत चार बोटांची फट, आणि उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, यावरच भागवायचं. डांबरगोळ्या वास झाकतात, ओल नाही.

पण समोरासमोरच्या खिडक्या असायला समोर मोकळं असावं लागतं. गोवंडी-मानखुर्दकडे झोपडपट्टीतून हलवलेल्या कुटुंबांसाठी २००० नंतर पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं २०१८ मध्ये लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय बुरशीचा नव्हता, क्षयाचा होता. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचं प्रमाण तिसरीपेक्षा बरंच जास्त आढळलं आणि त्याचा संबंध उजेड-वाऱ्याच्या अभावाशी जुळला. तिथे सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. ऑरसाहेबांच्या कोनानं तिथे दहा मीटरहून जास्त अंतर लागलं असतं. खालच्या मजल्यावर दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते, आणि दोन इमारतींमधल्या फटीत, खिडक्यांच्या ग्रिलवर, कालचे कपडे अजून ओले असतात.