पथ्याचें ताट आणि वऱ्हाडचा पाला



तेल्हाऱ्यास आमचे एक काकाजी आहेत. वय साठीच्या पुढें, शेती स्वतः पाहणारे, बोलण्यांत मोकळे आणि खाण्यांत अत्यंत हट्टी. त्यांना मधुमेह जडल्यावर डॉक्टरांनीं तीन गोष्टी सांगितल्या. भाकरी अर्ध्यावर आणा, भात, साखर आणि बटाटा सोडा, आणि रिकामें झालेलें ताट भाजीनें भरा. पहिल्या दोन आज्ञा त्यांनीं कुरकुरत का होईना, पण पाळल्या. तिसरीपाशीं गाडें अडलें. काकाजींच्या लेखीं जगांत भाज्या दोनच, बटाटा आणि वांगें. त्यांपैकीं बटाटा डॉक्टरांनीं काढून घेतला. पालेभाजीचें नांव निघालें कीं ते ताटावरून मान वर करीत आणि म्हणत, "मी का बैल आहो, पाला खायले?"

ही एका घरची गंमत म्हणून सोडून देतां आली असती. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर सांगते. त्यांतील कितीतरी ताटांवर हाच तंटा रोज चालत असेल. धान्य कमी करावयाचें हें एका वाक्यांत सांगतां येतें. पण त्याच्या जागीं काय, आणि तें ज्याला घशाखालीं उतरत नाहीं त्यानें काय करावें, हा प्रश्न वैद्यकाला फार जुन्या काळापासून छळीत आला आहे. त्या इतिहासाचीं कांहीं पानें आज चाळावयाचीं आहेत, आणि तीं चाळतां चाळतां पुन्हां तेल्हाऱ्यास यावयाचें आहे.

आपल्याकडील जुना ग्रंथ चरकसंहिता. तींत प्रमेहाच्या कारणांमध्यें बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य, गुळाचे पदार्थ अशी यादी आहे. उपचारांत जवाला मुख्य स्थान दिलें आहे, आणि त्याच्या जोडीस मूग व कडू भाज्या. म्हणजे धान्य सर्वस्वी वर्ज्य नाहीं, पण कडू भाजीचें ताटांतील स्थान मात्र निश्चित आहे. सुश्रुताचा उपाय याहून कडक. निर्धन रोग्यानें पायांत वहाण व डोक्यावर छत्री न घेतां, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालावें. धनवानानें हरिणांच्या संगतींत रानांतील सांवा-देवभातावर राहावें. विहीर खणण्याचाही उपाय तेथें आहे. ज्यानें हें लिहिलें त्याला आमच्या काकाजींसारखे रोगी नक्कीच भेटले असले पाहिजेत. जो घरीं बसून पथ्य करीत नाहीं त्याला स्वयंपाकघरापासूनच दूर पाठवावें, हा त्यांतला व्यवहार उघड दिसतो.

युरोपांत या पथ्याचा नवा आरंभ १७९७ सालीं जॉन रोलो या लष्करी वैद्यानें केला असें मानतात. त्यानें मेरेडिथ नांवाच्या एका कॅप्टनास जवळजवळ निव्वळ मांसाहारावर ठेवलें. मांस, तेंही शिळें व उग्र, दूध, रक्ताचे सांडगे म्हणावेत तसे पदार्थ, असा तो आहार. कॅप्टनाला गुण आला. पण असलें पथ्य जन्मभर पेलणारा रोगी विरळा. भाजीला तेथें मानाचें पान मिळालें तें पुढें फ्रान्सांत बूशार्दा याच्या हातून. १८७०-७१ मध्यें पॅरिसला जर्मनांचा वेढा पडला, अन्नाचा तुटवडा झाला, आणि बूशार्दाच्या लक्षांत आलें कीं आपल्या रोग्यांच्या लघवींतील साखर कमी झाली आहे. हिरव्या भाज्या व स्निग्ध पदार्थ खावे, पाव-साखर टाळावी, आणि एकंदरींत कमी खावें, हा त्याचा उपदेश. लंडनमध्यें याच्या कांहीं वर्षें आधीं विल्यम बँटिंग या गृहस्थानें आपल्या स्थूलतेवरील उपायाची एक पुस्तिका १८६३ सालीं छापली होती. हा अंत्यविधींचें साहित्य पुरविणारा व्यापारी. पाव, साखर, बीर आणि बटाटा सोडून त्यानें सुमारें एका वर्षांत ४६ पौंड वजन उतरविलें. बटाटा सोडून कोणतीही भाजी खाण्यास त्याला मुभा होती. बटाट्याची आणि पथ्याची ही फारकत काकाजींच्या डॉक्टरांनीं केलेली नव्हे, ती दीडशें वर्षांहून जुनी आहे.

या कथेंतील सर्वांत करुण पर्व अमेरिकेंतलें. १९१४ च्या सुमारास फ्रेडरिक ॲलन यानें उपाशी ठेवण्याची चिकित्सा सुरू केली. मुलांना जगवावयाचें तर अन्न इतकें कमी द्यावें कीं साखर उतरावी. पोटाची आग विझावी म्हणून भाजी द्यावयाची. पण भाजींतलीही थोडीशी साखर नको, म्हणून ती तीन वेळां उकळून तिन्ही वेळां पाणी फेकून द्यावयाचें. उरलेला बेचव चोथा त्या मुलांचा घांस. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी अशाच आहारावर तीन वर्षें तग धरून होती. १९२२ च्या ऑगस्टमध्यें ती टोरोंटोस पोहोंचली तेव्हां पंधराव्या वर्षांत पदार्पण करूनही तिचें वजन सुमारें ४५ पौंड होतें. तेथें नव्यानें सांपडलेलें इन्सुलिन तिला मिळालें, आणि ती १९८१ पर्यंत जगली. ज्यांच्या हातून हें झालें त्यांतील प्रमुखाचें नांवही बँटिंगच, फ्रेडरिक बँटिंग. तीनदां उकळलेल्या भाजीचें राज्य त्या वर्षापासून संपत गेलें, ही फार मोठी सुटका झाली.

आतां भाजी न खाणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. आपण त्याला नखरेल म्हणून मोकळे होतों. १९३१ सालीं आर्थर फॉक्स नांवाचा रसायनज्ञ एका प्रयोगशाळेंत एक भुकटी हाताळीत असतां ती हवेंत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, किती कडू आहे! फॉक्सला कांहींच चव लागेना. दोघांनींही जीभ लावून पाहिली, तरी एकाला कडू, दुसऱ्याला मातीसारखें. पुढें सिद्ध झालें कीं कडवटपणा जाणण्याची ही शक्ति आईबापांकडून येते, आणि २००३ सालीं तिचें जनुकही सांपडलें. म्हणजे एकाच परातींतली भाजी घरांतील दोघांच्या जिभेवर खरोखरच वेगळी असूं शकते. म्हणून काकाजींना दोष देण्यापूर्वीं मीं तरी थोडा थांबलों.

पण त्यांच्या नापसंतीचें सारें खापर जिभेवर फोडतां येत नाहीं. त्यांत वऱ्हाडच्या मातीचाही वांटा आहे. तेल्हारा सातपुड्याच्या पायथ्यापासून फार दूर नाहीं. पूर्वीं तें अकोट तालुक्यांत होतें, आज स्वतः तालुक्याचें ठिकाण आहे. डोंगराच्या कडेला हिवरखेडाकडे गोडें पाणी, संत्र्यांच्या बागा. तेथून दक्षिणेस पूर्णेकडे जावें तसतसें विहिरींचें पाणी खारें होत जातें. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. असल्या पाण्यावर उन्हाळ्यांत भाजीचा वाफा जगत नाहीं. त्यांत १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकांत आगगाडी अकोल्यावरून नागपुरास पोहोंचली, आणि काळ्या कसदार जमिनीवर कापसाचा अंमल बसला. पोटाला ज्वारी, पैशाला कापूस. भाजीच्या मळ्याला या हिशेबांत जागा थोडीच उरली.

मग वऱ्हाडी माणूस भाजी खात नव्हता काय? खात होता, आणि पुष्कळ खात होता. परंतु ती सरकारी पीकपत्रकांत सांपडत नाहीं. ती पेरलेली नव्हती. निंदणाला गेलेल्या बायका कापसाच्या आणि ज्वारीच्या ओळींतून तरोटा, घोळ, माठ, कुंजर उपटून ओच्यांत घालून आणीत. पावसाळ्यांत काटवलें येत. अंबाडी तर दोरासाठीं पिकाच्या कडेनें लावीत. कोंवळेपणीं तिचीं पानें स्वयंपाकघरांत आणि मोठी झाल्यावर तिचा वाख दोरखंडांत. हिंवाळ्यांत हरभऱ्याचे शेंडे, मेथीचा घोळाणा. जें उरे तें वाळवून उन्हाळ्याला ठेवीत. शेगांवच्या गजानन महाराजांच्या नैवेद्यांत भाकरी आणि पिठल्याच्या शेजारीं अंबाडीची भाजी आजही मानानें बसते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचें न खाण्याचा नेम आहे. त्या दिवशीं नांगरटीचें धान्य बाजूला राहतें आणि ताट पाल्यानें, शेंगांनीं, काकडी-दोडक्यांनीं भरतें. पथ्याचें ताट वर्षांतून एकदां तरी आमच्या आयाबहिणी धर्म म्हणून मांडीत आल्या आहेत.

वर्ध्याच्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं अशाच पानांचे प्रयोग केले आणि १९३५ सालीं 'हरिजन' पत्रांत हिरव्या पाल्यावर लिहिलें. १९३७ मध्यें कुन्नूरच्या प्रयोगशाळेंतून डॉ. एक्रॉइड यांची भारतीय अन्नांच्या मूल्याची पुस्तिका निघाली. ती संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या जुन्या कोष्टकांतील आंकडे येथें उपयोगी पडतील. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ७२ ग्रॅम पिष्ट. मेथीच्या १०० ग्रॅममध्यें ६, वांग्यांत ४, कारल्यांत ४ च्या आसपास, दोडक्यांत ३, घोळींत ३. एका भाकरीला ६५ ग्रॅम पीठ धरलें, तर तींत ४५ ग्रॅमच्या वर पिष्ट जातें. पाव किलो मेथींत जेमतेम १५. एक भाकरी उणी करून तिच्या जागीं पाव किलो मेथी घेतली, तर पोटही भरतें आणि साखरेचा बोजाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वऱ्हाडी माणूस भाकरी सुटली कीं झुणक्याकडे वळतो, आणि बेसनांत १०० ला सुमारें ६० पिष्ट आहे. तें भाजीला लावण्यापुरतें वापरावें. भाजीच्या जागीं वापरलें तर भाकरी दुसऱ्या दारानें घरांत येते.

तेंव्हां वऱ्हाडांत पाला आहे. पण न खाणाऱ्याच्या तोंडीं तो लागावा कसा? याचें उत्तर मला ग्रंथांपेक्षां काकूंच्या चुलीपाशीं अधिक सांपडलें. अंबाडीचा आंबटपणा लसणाच्या चुरचुरीत फोडणीनें वठणीवर येतो. कारल्याला मीठ चोळून पिळण्याची रीत घरोघरीं आहे. मीठ जिभेवरील कडवटपणा दाबतें हें १९९७ च्या प्रयोगांनीं दाखविलें, काकूंना तें आधींच ठाऊक होतें. पालक नुसता खाववत नाहीं तो तुरीच्या डाळींत घोटून डाळभाजी केली म्हणजे लग्नाच्या पंगतींत माणसें मागून घेतात. वांगें आवडतें ना, मग भाजून त्याचें भरीत करतांना त्यांत कांद्याची पात मुठीनें घालावी. चिवळीला थोडें बेसन पुरतें.

आणि क्रम कसा ठेवावा, तें चरकानेंच सांगून ठेवलें आहे. अंगवळणी पडलेलें अहितकर एकदम तोडूं नये. त्याचा चौथा हिस्सा काढावा, हितकराचा चौथा हिस्सा घालावा, मध्यें दिवस जाऊं द्यावे, मग पुढचा हिस्सा. लहान मुलांवरील प्रयोगांत १९८२ सालीं लिआन बर्च यांनीं हेंच पाहिलें कीं अनोळखी पदार्थ पुनःपुन्हां चाखला कीं त्याची नावड ओसरत जाते. शिवाय यांत सुरक्षितपणाही आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतां भाकरी एकाएकीं तोडली, तर साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. औषधाचा मेळ डॉक्टरांना विचारून घालावा लागतो.

काकूंनीं चरक वाचलेला नाहीं. त्यांनीं अंबाडींतल्या ज्वारीच्या कण्या आठवड्या-आठवड्यानें कमी केल्या आणि त्यांच्या जागीं तुरीची डाळ वाढवीत नेली. काकाजींना तें महिनाभर कळलेंच नाहीं. कळलें तेव्हां ते रागावले, मग पुन्हां वाढून घेतली. तरोट्याची अडचण मात्र वेगळीच निघाली. मागील पावसाळ्यांत त्यांनीं स्वतः होऊन तो चाखून पाहण्याची तयारी दाखविली, तेव्हां शेतांत तरोटा सांपडेना. कापसाच्या आणि सोयाबीनच्या ओळींत आतां तणनाशक मारतात. निंदणाच्या बायका आणि त्यांच्या ओच्यांतली भाजी दोन्ही त्या शेतांतून गेलीं आहेत. शेवटीं काकूंनीं परसांत, न्हाणीच्या पाण्यावर, एक वाफा धरला आहे. त्यांत माठ, मेथी आणि अंबाडी आहे, आणि कडेला तरोट्याचें बीं टाकलें आहे.