वाटाण्याचा वेल आणि तीन आण्यांचं तिकीट

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलं की कामशेतनंतर मळवली लागतं. लेण्यांना जाणारी मंडळी इथे उतरतात. रुळांच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला हायवे ओलांडून कार्ले. पावसाळ्यात शनिवार-रविवारी फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत रवि वर्म्याचा छापखाना याच मळवलीत होता हे ठाऊक असलेला माणूस मात्र क्वचित भेटतो.

माझी उभी हयात ब्लॉकमेकिंगच्या धंद्यात गेली. फोटोची जाळीतून निगेटिव्ह काढायची, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, ॲसिडला नको तेवढा पत्रा खाऊ द्यायचा आणि उरलेल्या ठिपक्यांवर शाई फिरवायची. ऑफसेट आलं आणि आमचा धंदा बसला. पण डोळ्याला लागलेली खोड सुटली नाही, मी अजूनही कुठलंही चित्र नाकाला लावून पाहतो. त्यामुळे सिनेमाचा इतिहास सांगतानासुद्धा मी सुरुवात पडद्यापासून करत नाही, दगडापासून करतो.

राजा रवि वर्म्याने १८९४ साली मुंबईत घाटकोपरला शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातलं आणि एकोणिसावं शतक सरता सरता कारखाना मळवलीला आला. नव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला, आणि १९७२च्या आगीत तो संपला. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. लक्ष्मीच्या साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, अंगकांतीच्या छटांना आणखी कितीतरी. कागद एकेका दगडावर दाबला जातो, सुकतो, पुन्हा दाबला जातो. एकदा जरी रजिस्टर चुकलं, केसभर जरी कागद सरकला, तरी देवीच्या ओठाबाहेर लाली सांडते आणि ताव रद्दीत जातो. शेवटी वार्निश चढवायचं, कॅनव्हासचा खडबडीतपणा उठवायचा, की गरिबाच्या भिंतीवर तैलचित्र तयार.

अशी एक लक्ष्मी आमच्या घरी होती. आजीने तिच्या पदराला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. तीन पिढ्यांनी तिला रोज पाहिलं. दिवा लावताना पाहिलं, भांडण झाल्यावर पाहिलं, परीक्षेला जाताना पाहिलं. चित्र तेच, जागा तीच, दोन्ही बाजूंचे हत्तीही तिथेच. ‘यात काही घडतच नाही’ अशी तक्रार कोणी केली नाही. आपल्या प्रेक्षकाला संथ काही बघवत नाही, असं हल्ली जो तो म्हणतो. ते ऐकलं की मला ही लक्ष्मी पुढे करावीशी वाटते.

या छापखान्याचं काम बाहेर करून देणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी पुरातत्त्व खात्यातली ड्राफ्ट्समनची आणि फोटोग्राफीची सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात एनग्रेव्हिंगचा व छपाईचा कारखाना काढला. रवि वर्मा प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्सफर करणं हे त्यांचं मुख्य काम. मळवली आणि लोणावळा ही शेजारशेजारची स्टेशनं. पुढे कारखाना दादरला हलला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला, तीन रंगांची छपाई करू लागला, आणि भागीदारांशी बिनसल्यावर फाळके हात झटकून बाहेर पडले. चित्रपटाचे इतिहासकार या लोणावळ्याची एका ओळीत बोळवण करतात. मला ती ओळ अपुरी वाटते. ज्या माणसाने एका स्थिर चित्रासाठी दहा वेळा कागद दगडावर दाबला जाताना पाहिला, त्याला एक मिनिट हलणाऱ्या चित्रासाठी महिना घालवण्याचं काय विशेष!

आणि तेच त्यांनी केलं. १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, १९१२च्या फेब्रुवारीत इंग्लंड गाठलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते परतले. खिशात पैसा नव्हता. भांडवलदारांना दाखवायला काहीतरी हवं होतं. राम नाही, कृष्ण नाही, मारामारी नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला.

ही ‘अंकुराची वाढ’. कॅमेऱ्याचं हँडल ठेक्यात फिरवलं, तर त्या काळच्या चालीने सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं उमटत. फाळके मात्र थांबून थांबून एकेक चित्र घेत होते, महिन्याहून अधिक काळ. रोज एक चित्र घेतलं असं जे बेधडक लिहिलं जातं त्यावर माझा विश्वास नाही. रोज एक घेतलं तर महिन्याची फिल्म दोन सेकंदांत आटपेल. फिल्म मिनिटाभराची होती असं धरलं तर हजारभर चित्रं होतात, म्हणजे दिवसाला वीस-तीस. कोंब बाकदार मान वर काढतोय, पानं उलगडतायत, तणावा हवेत आधार शोधतोय, एवढंच कथानक. निवडक लोकांना बोलावून ते दाखवलं आणि कर्ज मिळालं. बायकोचे, सरस्वतीबाईंचे, दागिनेही गेलेच. फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही त्या माउलीने केली.

आता गंमत बघा. पाहणाऱ्यांना त्या वेलाचं नवल वाटलं ते तो पळाला म्हणून. वाटाणा रुजायला, चढायला किती दिवस लागतात ते त्या पिढीला परसातून ठाऊक होतं. फाळक्यांनी तो महिना मिनिटात कोंबला. पुढे साठ-सत्तर वर्षांनी जगभर जे दिग्दर्शक संथ म्हणून नावाजले गेले, त्यांनी नेमकं उलट केलं आणि कापून टाकलेला वेळ प्रेक्षकाला परत दिला. शांताल आकरमानच्या १९७५च्या ‘ज्यान दीलमान’मध्ये बाई बटाटे सोलते ती खरोखरीच सोलते. सव्वातीन तासांहून लांब असा तो चित्रपट २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या कौलात समीक्षकांनी सर्वकाळचा सर्वोत्तम ठरवला.

माझं म्हणणं एवढंच की प्रेक्षक वेळेवर चिडत नाही, सौद्यावर चिडतो. आणि त्याचा पहिला दाखलाही फाळक्यांच्याच पदरी आहे. १९१३च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. तोच सुरतेला गेला तेव्हा पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपयांचा झाला, असं सांगतात. कारण काय? दोन आण्यांत तिथे तासन्‌तास नाटक बघायला मिळे आणि हा खेळ तासाभराच्या आत आवरत होता. लोकांना तो संथ वाटला नव्हता, तोकडा वाटला होता! फाळके पडले छापखान्याचे माणूस, गिऱ्हाइकाची नस त्यांना ठाऊक. त्यांनी जाहिरात फिरवली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. माप दाखवलं आणि गल्ला भरला.

आमच्या मावळातल्या जत्रांत तंबूतला सिनेमा मी लहानपणी पाहिला, तिथेही हाच हिशेब. प्रोजेक्टर एकच असे, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबे. दिवे लागत, शेंगदाणेवाला फिरे, कोणाचं पोर हरवे आणि सापडे. शिट्ट्या पडत त्या हिरोला, थांबण्याला कोणी शिट्टी मारत नसे. जत्रेला माणूस रात्र काढायलाच आलेला असतो.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. आज तो मांडीवर मोबाइल ठेवून पाहा, संथ वाटेल. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून उभे राहतात ते उभेच राहतात. पण तेव्हाचा प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून बसणारा. त्याने तिकीट काढलं होतं ते दर्शनाचं, आणि दर्शनाला घाई कसली? आमच्या इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा जाऊन बसत आणि जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन रोज डोंगर चढे, ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ती चढण लांबली म्हणून कीर्तनात कोणी जांभई देत नाही.

पुढे याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथून १९६६ साली बाहेर पडलेल्या मणी कौलने १९६९ साली ‘उसकी रोटी’ केला. मोहन राकेश यांची कथा. पंजाबातली एक बाई, बालो, बस चालवणाऱ्या नवऱ्याचं जेवण फडक्यात बांधून रस्त्याला येऊन उभी राहते. तो थांबेल का, एवढाच प्रश्न. के. के. महाजनांनी दोनच भिंगांवर, २८ आणि १३५ मिलिमीटरवर, सगळा चित्रपट टिपला. म्हणजे बघा, पुन्हा भाकरी घेऊन निघालेली बाईच. पण या वेळी लोकांनी डोकं धरलं. लोकप्रिय नियतकालिकांनी टर उडवली. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर असले प्रयोग करायचे का, हा सूर पुढे बरीच वर्षं निघत राहिला. जिजाईच्या चढणीचा अर्थ ऐकणाऱ्याला आधीच माहीत होता. बालोच्या उभं राहण्याला तसली तारण ठेव नव्हती. पाहणारा तोच, ज्याने काल राजेश खन्ना पाहिला होता. प्रेक्षकाला फसवलं गेल्यासारखं वाटलं तर नवल नाही, आणि मणी कौलचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी तो बऱ्याच वर्षांनी पुण्यात पाहिला. एका स्मरणिकेचे ब्लॉक करून दिले होते, त्या ओळखीत पास मिळाला. खुर्च्यांचे करकर आवाज, कोणाचं तरी खोकणं, आणि अर्ध्यातून उठणाऱ्यांचं ‘सॉरी, सॉरी’. शेजारचे गृहस्थ घोरत होते. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी म्हणत असे की ज्या चित्रपटात छान डुलकी लागते ते आपल्याला आवडतात, कारण तेच नंतर रात्री झोपू देत नाहीत. शेजाऱ्याला ते सांगायची इच्छा झाली होती. तो मध्येच जागा झाला, पडद्याकडे पाहिलं, ‘अजून उभीच आहे?’ म्हणाला आणि पुन्हा मान टाकली. त्या दुपारची सगळ्यात नेमकी समीक्षा तीच.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४चा. व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ. कॅमेरा लांब, बहुतेक वेळ हलत नाही, कोर्टाची सगळी खोली दिसते. शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते, शिपाई दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. पुण्याच्या थिएटरात इथे अर्धे लोक उठून जिन्याकडे वळले. चित्रपट पुढे आहे हे कळल्यावर काही तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. पुढे काय, तर रिसॉर्टमध्ये सहलीला आलेले न्यायाधीश. आमच्या लोणावळ्याच्या माणसाला ते दृश्य काय नवं?

तोच ‘कोर्ट’ आम्ही वडगावच्या बाजूच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, भाड्याच्या प्रोजेक्टरवर लावला. खुर्च्यांवर बसले होते ते बहुतेक साठीपुढचे शेतकरी. एक्सप्रेसवे झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि मावळात घरटी एक दावा झाला. ही माणसं वर्षानुवर्षं वडगावच्या कोर्टाच्या आवारात बसलेली. मला धास्ती होती की पंधरा मिनिटांत हॉल मोकळा होईल.

एकही हलला नाही. सरकारी वकीलबाई कलमांची इंग्रजी पानंच्या पानं एका सुरात वाचत सुटल्या तेव्हा हॉलमध्ये हसू फुटलं, ओळखीचं हसू. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतात, तिथे मागून कोणीतरी ‘गेली तिची तारीख’ असं मोठ्यांदा म्हणालं. पडदा काळा झाला तेव्हाही कोणी उठलं नाही. सुट्टी लागली, आता जूनमध्ये बघू, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

खेळ संपल्यावर चहा झाला. चित्रपट लांबला का, असं मी मुद्दाम विचारलं. फेटेवाले एक आजोबा, ज्यांचा बांधाचा दावा वडिलांच्या वेळेपासून चालू आहे, ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, ‘लांबला? अहो, लई पळवलाय. एवढ्या लवकर साक्षीदार उभा राहतोय व्हय कुठं?’ त्यावर दुसरे म्हणाले की मुंबईला उभा राहत असेल, तिकडे कोर्टं जास्त आहेत. मग साक्षीदार किती तारखांना उभा राहतो यावर दोघांचं जे जुंपलं ते हॉलची किल्ली मागायला शिपाई आला तरी मिटेना. शेवटी बाहेर ओट्यावर बसून त्यांनी आपापल्या वकिलांच्या फीचा हिशेब काढला, आणि पुढच्या वेळी याहून सावकाश काही असेल तर ते आणा, असं मला बजावलं.