व्हिडिओवरून रॅम्पचा कोन कसा काढायचा?

आजीला व्हीलचेअर लागणार हे ठरलं तेव्हा गावच्या घरी पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प करून घेतला. मी पुण्यात. बाबांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात गवंडी रिकामी खुर्ची वरून सोडतो, ती घरंगळत खाली येते आणि काका तिला पकडतात. खाली बाबांचा मेसेज होता, "मस्त झालाय ना?" खुर्ची जरा जास्तच वेगात येतेय असं मला वाटलं. पण नुसतं 'वाटतंय' म्हणून केलेलं काम कोणी तोडत नाही, त्यासाठी आकडा हवा. तो आकडा त्याच व्हिडिओतून निघाला. कसा, ते पाहू.

मूळ कल्पना

उतारावर वस्तूला खाली खेचणारं त्वरण म्हणजे गुरुत्वत्वरण (९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग) गुणिले कोनाचा साइन. घर्षण नसेल तर:

साइन (कोन) = त्वरण ÷ ९.८

वस्तू जड आहे की हलकी, याने इथे फरक पडत नाही. उताराचा असा अभ्यास गॅलिलिओनेही केला होता. १६३८ च्या 'टू न्यू सायन्सेस' या ग्रंथात त्याने उतारावर कांस्याची गोळी सोडून, भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजल्याचं वर्णन आहे. आपल्याकडे पाण्याऐवजी व्हिडिओच्या फ्रेम्स आहेत.

पायरी १: अंतर

व्हिडिओत माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू शोधा. आमच्या रॅम्पवर एक फुटी, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या टाइल्स होत्या. मी तीन सांधे निवडले. वरून पहिला, चौथा आणि सातवा. म्हणजे ९० सेंटिमीटरचे दोन टप्पे झाले. कॅमेरा स्थिर आणि बाजूने धरलेला असावा.

पायरी २: वेळ

व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ची कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे जातो. मागचं चाक प्रत्येक सांध्यावर टेकतं ती फ्रेम टिपा. पहिल्या टप्प्याला २२ फ्रेम्स लागल्या, दुसऱ्याला १४. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा होता, म्हणजे ०.७३३ आणि ०.४६७ सेकंद.

खुर्ची हातातून नेमकी कधी सुटली ते नीट दिसत नाही. म्हणून सुरुवातीपासून वेळ न मोजता मधले टप्पे घेतलेले बरे.

पायरी ३: त्वरण

पहिल्या टप्प्यात सरासरी वेग: ०.९ ÷ ०.७३३ = १.२३ मीटर प्रति सेकंद
दुसऱ्या टप्प्यात: ०.९ ÷ ०.४६७ = १.९३ मीटर प्रति सेकंद

त्वरण सारखंच असेल तर सरासरी वेग हा त्या टप्प्याच्या मधल्या क्षणाचा वेग असतो. या दोन मधल्या क्षणांत (२२ + १४) ÷ २ = १८ फ्रेम्स, म्हणजे ०.६ सेकंदांचं अंतर आहे. म्हणून त्वरण = (१.९३ − १.२३) ÷ ०.६ = १.१७.

१.१७ ÷ ९.८ = ०.११९, म्हणजे कोन सुमारे ६.८ अंश.

व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी नेहमी सांगितला जाणारा उतार १:१२ आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्याचा कोन ४.८ अंश.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

मधल्या सांध्याची फ्रेम मोजताना एका फ्रेमची चूक झाली असेल तर? २२ आणि १४ ऐवजी २१ आणि १५ धरून पाहिलं, तर कोन ५.० अंश येतो. २३ आणि १३ धरले तर ८.८. एका फ्रेमने एवढा फरक पडतो! शक्य असेल तर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम्सने शूट करा. ही चूक आठपट कमी होते.

दुसरी गोष्ट घर्षणाची. घर्षणामुळे खुर्ची हळू येते. चाकं फिरवण्यातही थोडी ऊर्जा जाते, त्यानेही त्वरण कमी होतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. म्हणजे खरा कोन आपल्या उत्तरापेक्षा जास्तच असणार, कमी नाही. आणि माझं सगळ्यात कमी उत्तरही ४.८ च्या वर होतं. निष्कर्ष काढायला एवढं पुरेसं होतं.

घसरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत घर्षण पूर्ण काढून टाकता येतं. तिरक्या धरलेल्या कॅरम बोर्डवर स्ट्रायकर वर ढकला आणि परत खाली येऊ द्या. वर जाताना घर्षण गुरुत्वाच्या बाजूने असतं, खाली येताना विरुद्ध. दोन्ही त्वरणांची सरासरी घेतली की घर्षण कटतं. मात्र स्ट्रायकर आपोआप खाली यायला हवा, अडकला तर ही पद्धत चालत नाही. व्हीलचेअरवर हा प्रयोग करू नका. उलट येताना पुढची लहान चाकं वळतात आणि खुर्ची भरकटते.

मग काय झालं?

बाबांना फोन केला. "बाबा, टेप लावून फक्त दोन मापं सांगा." ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर, रॅम्पची लांबी ३ मीटर. ०.४५ ÷ ३ = ०.१५, म्हणजे ८.६ अंश. टेप हाताशी असेल तर हीच पद्धत सगळ्यात सोपी आणि अचूक. व्हिडिओची पद्धत जागेवर जाता येत नाही तेव्हासाठी.

आजी आणि खुर्ची मिळून ८० किलो धरा. १:१२ च्या उतारावर ढकलायला साधारण साडेसहा किलो वजनाएवढा जोर लागतो, ८.६ अंशांवर बारा किलोएवढा. उतरताना तेवढंच वजन धरून ठेवायचं, तेही बाबांनी, साठीनंतर, पावसाळ्यात ओल्या टाइल्सवर. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "बरं, गवंड्याला परत बोलावतो."

४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी हवी. अंगणात तेवढी सरळ जागा नव्हती, म्हणून मध्ये एक सपाट टप्पा घेऊन रॅम्प भिंतीच्या कडेने वळवला. आता घरंगळणारी खुर्ची पकडायला काकांना धावावं लागत नाही.