खोगीर, त्याची भरती आणि मोटारीतले कोपर

मराठी समीक्षेने जे काही शब्द घोड्यांच्या पागेतून उचलले, त्यांत ‘खोगीरभरती’ हा सर्वांत रुळलेला. दिवाळी अंकाची पाने पुरी करण्यासाठी घेतलेला मजकूर, कादंबरीची जाडी वाढवणारी वर्णने, व्यासपीठावर संख्या दिसावी म्हणून बसवलेली माणसे, या सर्वांसाठी आपण तो सहज वापरतो. पु. ल. देशपांडे यांनी तर आपल्या सुरुवातीच्या एका विनोदी लेखसंग्रहाला हेच नाव देऊन टीकाकारांच्या हातचे शस्त्र आधीच काढून घेतले. मात्र खोगिरात काय भरत, कोण भरत असे आणि ते भरले नसते तर काय झाले असते, हे प्रश्न हा शब्द वापरताना आपल्या मनात येत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही ते विचारणार आहोत, आणि त्यासाठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अनपेक्षित वाटेल अशा एका वस्तूपर्यंत जाणार आहोत. ही वस्तू म्हणजे मोटारीच्या पुढच्या दोन आसनांमधल्या आर्मरेस्टवर चढवले जाणारे, आत फोम घातलेले चामड्याचे आवरण. आमच्या मते ते खोगिराच्या वंशातलेच आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘खोगीर’ फारसीतून आला. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा; ‘बारगीर’ या शब्दात ओझ्याशी जोडलेला ‘गीर’ तोच. तेव्हा खोगीर म्हणजे घाम धरणारी वस्तू. ‘जीन’ हाही फारसीच. ‘पालाण’ मात्र संस्कृत ‘पर्याण’ या शब्दावरून आलेले. शिवकाळात रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग केला. तरी बोलीतले खोगीर खोगीरच राहिले. जी वस्तू रोज हाताळली जाते तिचे नाव कोशाच्या आज्ञेने बदलत नाही.

खोगिराची भरती ही शोभेची बाब नव्हती. घोड्याच्या पाठीचा कणा उंचवट्यासारखा वर असतो आणि स्वाराचे वजन थेट त्यावर आले तर थोड्याच मजलांत पाठ सोलवटते, घाव पडतात आणि घोडा निकामी होतो. म्हणून भराव कण्याच्या दोन्ही अंगांना घालायचा आणि मधोमध पोकळ वाट राखायची. भार बरगड्यांवरच्या स्नायूंनी घ्यायचा, कण्याने नव्हे. भरावासाठी लोकर, कापूस, नमदा, गवत असे जे हाताशी असेल ते वापरत. तो सारख्या जाडीचा हवा. एका जागी गोळा झाला तर तोच गोळा घोड्याला टोचतो. वापराने तो दबतो, म्हणून वेळोवेळी उसवून पुन्हा भरावा लागतो. आता एवढे सगळे आवरणाच्या आत असल्याने बाहेरून काहीच दिसत नाही. लबाड कारागिराने आत चिंध्या आणि कचरा कोंबला तरी खोगीर बाजारात तितकेच टुमटुमीत दिसणार. ‘खोगीरभरती’ या शब्दातला तुच्छतेचा अर्थ इथून आला असावा असे आम्हांस वाटते. तसे असेल तर तो शब्द मुळात वाईट भरतीची तक्रार होता. पुढे वाईट हा भाग गळून पडला आणि भरती म्हटली की ती वाईटच, असा समज भाषेत घट्ट झाला.

या समजाची किंमत इतिहासलेखनातही दिसते. अठराव्या शतकातल्या मराठी फौजेचे बळ तिच्या वेगात होते. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते लांब लांब मजला मारणाऱ्या घोडदळाच्या जोरावर. १७६३ साली गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा पराभव झाला, त्यातही स्वारांचा वाटा मोठा. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा अभिमान आपण आजही बोलून दाखवतो. या अभिमानात घोडा आहे, स्वार आहे, भाला आहे. तट्टाची पाठ यमुनेपर्यंत शाबूत ठेवणारा माणूस मात्र त्यात नाही. त्या माणसाच्या व्यवसायावरून एका जातीचे नावच पडले: जीनगर, म्हणजे जीन करणारा. १८१८ नंतर फौजा मोडल्या आणि जीनगरांचा मूळ धंदा बसला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जीनगरांच्या व्यवसायांची जी यादी येते तीत धातूचे ओतकाम, चित्रे, मूर्ती, लाकडावरचे कोरीव काम, कुलपे आणि घड्याळांची दुरुस्ती अशी कितीतरी कामे आहेत. फौजा गेल्या तरी हाताचे कसब उरले आणि ते मिळेल त्या वस्तूत शिरले.

फौजांचा इतिहास सोडून गावाकडे यायचे तर परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर डोळ्यांसमोर आणता येईल. हे गाव आज ओळखले जाते ते जुन्या बारवांसाठी, विशेषतः गोलाकार फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेसाठी. दगडाचे काम शतके टिकते, म्हणून बारव दिसते. त्याच पाण्याच्या व्यवहारातली दुसरी वस्तू, कातड्याची मोट, मात्र कुठेच उरलेली नाही. बारवेत माणूस पायऱ्यांनी पाण्याकडे उतरे. मळ्याच्या विहिरीवर पाणी मोटेत बसून माणसाकडे चढे. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, सोंदूर सैल होताच मोटेची सोंड थारोळ्यात रिकामी होई. मराठवाड्यातली विहिरीवरची बागायत या कातड्यावर उभी होती, आणि ते कातडे गावातल्याच मेलेल्या जनावराचे असे.

त्या कातड्यामागची कामे जातींत वाटलेली होती. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले. बाभळीची, तरवडाची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याचे काम ढोरांचे. मोट, वहाणा, पट्टे शिवण्याचे काम चांभारांचे. नाडे वळण्याचे काम मांगांचे. ज्या मोटेच्या पाण्यावर गावाची बाग पिके, ती मोट करणाऱ्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि त्याच परिषदेनंतर लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले. कातडे आणि पाणी यांचे हे नाते लक्षात घेतल्यावर या दोन गोष्टी एकत्र का आल्या ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे कातड्याचा व्यवहार दोन बाजूंनी बदलला. एक बदल कमावणीतला. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम कमावणीचे प्रयोग सुरू केले. सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले हे चामडे पाण्यात दीर्घकाळ टिके, म्हणून विहिरीवरच्या मोटेसाठी ते वापरून पाहिले गेले. मोटारीच्या आसनांचे चामडे आज बहुतांशी याच पद्धतीने कमावलेले असते. दुसरा बदल यंत्रांचा. तेलाची इंजिने आणि मागाहून विजेचे पंप आले, आणि मोट एका पिढीत नाहीशी झाली. त्याच काळात रस्त्यावर मोटार आली.

मोटारीची आसने आरंभी कोणी शिवली? युरोपात ती घोडागाडीची आसने आणि खोगिरे करणाऱ्यांनीच शिवली. आत घोड्याचे केस भरलेले, वर कातडे. पॅरिसचे हर्मेस हे घराणे १८३७ साली घोड्याच्या सामानाचा कारखाना म्हणून सुरू झाले, आणि मोटारी आल्यावर प्रवासी पिशव्यांकडे वळले. आपल्याकडे कातड्याची जागा लवकरच रेक्झिनने घेतली. मँचेस्टरजवळ हाइड येथे बनणाऱ्या एका लेप दिलेल्या कापडाचे हे व्यापारी नाव. इथे ते अशा सगळ्या कापडांचे नाव झाले. या कापडाने एक गोष्ट नकळत केली. ते जनावराचे नव्हते, म्हणून त्याला विटाळ नव्हता. सीट शिवण्याचा धंदा कोणीही उघडू शकला. तालुक्याच्या गावी सीट-कव्हरची दुकाने निघाली ती या वाटेने.

आता आर्मरेस्टकडे वळू. त्याची झडप हातभरही लांब नसते. पण तिच्यावर आवरण नीट बसवायचे तर खोगिराचे सगळे नियम लागू होतात. आधी झडपेवर चिकटपट्टी लावून वळणे आणि शिवणीच्या रेषा आखायच्या आणि ती सोलून कागदी साचा करायचा. चामडे कापताना जनावराच्या अंगाची आठवण ठेवावी लागते: पाठीकडचा भाग कमी ताणतो, पोटाकडचा जास्त, म्हणून सैल पडणारा तुकडा वरच्या बाजूला घ्यायचा नाही. ज्या कडा दुमडायच्या त्या रापीने तासून पातळ करायच्या, नाहीतर शिवणीजवळ गाठ उठते. फोम सहसा तीन ते पाच मिलिमीटरचा. तो शिवणीच्या अलीकडे थांबवायचा. वळणावरच्या दुमडीला बारीक काप द्यायचे. चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांना लावून हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे ओढत न्यायचे. एका टोकापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला सुरकुती जमा होते. आणि बिजागरीपाशी, कुलपापाशी जागा सोडायची, कारण दोन मिलिमीटर जाडी वाढली तरी झडप बंद होत नाही. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यावर तास-दोन तास गाडी चालवणाऱ्याचे कोपर या आवरणावर टेकलेले असते आणि त्याचा घाम तिथे जिरतो. खोगीर या शब्दाचा मूळ अर्थ इथे पुन्हा शब्दशः खरा होतो. फरक इतकाच की तेव्हा घाम वाहणाऱ्याचा होता, आता बसणाऱ्याचा आहे.

इथे एक उलटापालट नजरेत भरते. ज्या कातड्याच्या स्पर्शाने हात अपवित्र ठरत, तेच कातडे आज मोटारीच्या किमतीत भर घालते. ‘खरे लेदर’ हे शब्द विक्रेता अभिमानाने उच्चारतो. विटाळ वस्तूवरून उतरला आणि तिची प्रतिष्ठा वाढली. परंतु ज्यांच्यावर तो लादला होता त्यांच्या वाट्याला या प्रतिष्ठेतले किती आले, हा प्रश्न कोपर टेकणाऱ्याला पडत नाही. भरावाची रीतच अशी आहे की तो चांगला जमला म्हणजे जाणवत नाही, आणि जाणवला म्हणजे बिघडला.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना यातून घेण्यासारखे काही आहे का? आम्हांस वाटते, आहे. पोवाड्यातले झीलकऱ्यांचे ‘जी जी’ हा अर्थाच्या दृष्टीने भराव आहे. पण त्या क्षणी शाहीर श्वास घेतो आणि श्रोता मागची ओळ मनात बसवतो. कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगामधले भजन कथानक पुढे नेत नाही. ते काढले तर निरूपणाचा भार एकदम आख्यानावर येईल. बखरीतली मायने आणि पुनरुक्ती, जात्यावरच्या ओवीतली पहिल्या ओळींची ठरीव मांडणी हीही अशीच भरती आहे, आणि ती कण्याच्या दोन्ही अंगांना घातलेली आहे. तिला निरर्थक ठरवण्यापूर्वी ती कोणाचा भार घेते आहे हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. चिंध्या कोंबलेले खोगीर आणि कसबाने भरलेले खोगीर बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींतला फरक उसवून पाहणाऱ्याला आणि ज्याच्या पाठीवर ते असते त्यालाच कळतो. यापुढे एखाद्या मजकुराला खोगीरभरती म्हणताना त्यातले काय उसवून पाहिले आणि कुठे घाव पडलेला दिसला, तेही टीकाकाराने सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.