अंगणात आलेली शाळा

“पोराला काही वळण लावलंय की नाही?” हा प्रश्न आपल्याकडे आईलाच विचारला जातो. मूल शाळेत भांडलं, पाहुण्यांसमोर उलटून बोललं, की सगळी बोटं तिच्याकडे. मग आई म्हणते, शाळेत काय शिकवतात कोण जाणे! आणि गुरुजी म्हणतात, घरीच संस्कार नाहीत. घर आणि शाळा यांच्यातला हा वाद जुना आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन बायकांनी त्याचं उत्तर प्रत्यक्ष काम करून शोधलं. आज त्यांची माहिती घेऊ या.

एक ताराबाई मोडक. जन्म 1892, मुंबईचा. शिकलेल्या, पदवीधर. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांची वेगळी शाळा चालवत होते. तिथे मार नाही, धाक नाही. मूल हातांनी काम करत करत शिकायचं. ताराबाई तिथे राहिल्या, ते सगळं शिकल्या. दुसऱ्या अनुताई वाघ. जन्म 1910, पुण्याजवळच्या मोरगावचा. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य घराच्या कोपऱ्यातच जायचं. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या.

1945 साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय 53 होतं. अनुताई त्यांच्या मदतीला गेल्या, त्या कायमच्याच. हा वारली आदिवासींचा मुलूख. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी मोठा लढा उभारला, तोही याच सालचा. म्हणजे ज्या घरांतली मुलं शाळेत आणायची, त्या घरांत पोटाचीच मारामार होती.

बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. “या लोकांना शिक्षणाची आवडच नाही,” असं म्हणून दोघी मोकळ्या झाल्या नाहीत. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असं ठरलं. वस्तीतल्या अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगावी आपल्या तोंडी असलेला शब्द तो हा. 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हे नाव देशभर पोचलं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जात. मग शिक्षिका त्यांच्यामागून कुरणात गेल्या आणि कुरणशाळा सुरू झाली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायच्या म्हणून त्यांची शाळा बुडायची. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. ताई शिकतेय आणि धाकटा शेजारीच खेळतोय, अशी ती सोय होती.

आता या सगळ्यात संस्कार कुठे आले? तिथे शिस्तीची भाषणं नव्हती. दिवसाची सुरुवात स्वच्छतेने व्हायची. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं यात शिक्षिका स्वतः हात घालायच्या. खेळणी विकत आणायला पैसा नव्हता. शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य. खेळून झालं की वस्तू जागेवर ठेवायची, दुसऱ्याच्या हातातली ओढायची नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. वळण म्हणतात ते हेच. रोज केल्याने ते अंगात मुरतं.

या कामातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, मुलाला बेशिस्त म्हणण्याआधी त्याची अडचण पाहायची. हात धुवायला सांगायचं तर घरात पाणी हवं. वेळेवर शाळेत जा म्हणायचं तर कडेवरचं भावंड कोणीतरी घ्यायला हवं. दुसरी, मूल आपलं ऐकतं त्यापेक्षा आपल्याला बघतं जास्त. मोठी माणसं वस्तीचा भेद मानत असतील, तर फळ्यावर लिहिलेल्या सुविचाराने मुलात समता येत नाही.

“छडी लागे छमछम” असं आपण हसत म्हणतो. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. घरातही धाकाने मूल गप्प बसतं, पण पाठ वळली की तेच करतं. उलट खोटं बोलायला शिकतं.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताईंनी त्यांच्यामागे 1992 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते काम सांभाळलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीला अंगणवाडीताईंना बोलवा. आपल्या गावातलं कोणतं मूल अंगणवाडीत येत नाही आणि का येत नाही, एवढंच त्यांना विचारा. कारण कळलं की त्यावर काय करता येईल ते गटात बोला. आणि घरी जेवण झाल्यावर आपापलं ताट उचलायची सवय लावायची असेल, तर ती मुलीइतकीच मुलालाही लावा, आणि त्याच्या वडिलांनाही!